‘गावठी’ म्हणजे नेमकी कोणती कोंबडी?

१/९
बाजारात कोंबडीचे दोनच प्रकार मानले जातात : ब्रॉयलर आणि गावठी. परंतु ‘गावठी’ या एका शब्दाखाली अनेक निरनिराळे इतिहास झाकले गेले आहेत. ते वेगळे करून पाहिल्यावाचून परसातील या पक्ष्यांचे जतन होणे अशक्य आहे.

२/९
प्रथम मूळ. सर्व पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून उत्पन्न झाल्या, असे प्रतिपादन चार्ल्स डार्विनने १८६८ मध्ये केले. ते बव्हंशी खरे ठरले. २०२० मध्ये आठशेहून अधिक पक्ष्यांच्या जनुकसंचांचा अभ्यास झाला. त्यातून नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यातील उपजातीकडे बोट दाखवले गेले.

३/९
‘बव्हंशी’ म्हणण्याचे कारण सह्याद्रीत आहे. जगभरच्या असंख्य कोंबड्यांचे पाय पिवळे असतात. हा पिवळेपणा ज्या जनुकामुळे येतो, ते तांबड्या रानकोंबड्याकडून नव्हे, तर भारतातील राखी रानकोंबड्याकडून आले असावे, असे २००८ मधील संशोधनाने दाखवले. पश्चिम घाटाच्या जंगलात पहाटे आरवणारा हा पक्षी अशा रीतीने जगाच्या खुराड्यात पोहोचला आहे.

४/९
दुसरा इतिहास असीलचा. ज्या अरबी धातूपासून मराठीत ‘अस्सल’ आला, त्याच धातूपासून हे नाव आले आहे. ताठ मान, आखूड तुरा, भक्कम पाय असा हा झुंजीचा पक्षी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात असीलचा संकर करून ‘इंडियन गेम’ ही जात घडवण्यात आली. तीच पुढे ‘कॉर्निश’ म्हणून ओळखली गेली. आजच्या ब्रॉयलरची रुंद छाती मुख्यत्वे या कॉर्निशची देणगी आहे. म्हणजे बाजारातील ‘ब्रॉयलर’ आणि ‘गावठी’ यांच्यात दूरचे रक्ताचे नाते आहे.

५/९
तिसरा कडकनाथचा. मध्य प्रदेशातील झाबुआ व अलीराजपूर भागांत भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी हा पक्षी सांभाळला. त्याची कातडी, मांस, हाडेसुद्धा काळपट असतात, म्हणून त्याला तेथे ‘कालीमासी’ म्हणतात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव मिळताच मोलही आले, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

६/९
चौथा बुसराचा, आणि तो महाराष्ट्राचा असूनही महाराष्ट्रात फारसा कुणाला ठाऊक नाही. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसर व लगतचा दक्षिण गुजरात ही या लहान चणीच्या कोंबडीची भूमी. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे.
याच नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला. व्यावसायिक फार्मांबरोबर आसपासच्या परसांतील पक्षीही मारावे लागले. २०२१ मध्ये तेथे पुन्हा साथ आली. माणसांच्या सुरक्षिततेसाठी तो निर्णय अपरिहार्य होता, यात शंका नाही. परंतु फार्मवाल्याला हॅचरीतून नवी पिल्ले मिळतात. परसातील वंशाला अशी हॅचरी नसते.

७/९
येथे एक रास्त आक्षेप संभवतो. देशी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास-साठ अंडी देते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी विकसित केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया त्याहून कितीतरी अधिक देतात. गरीब घरातील मुलांना मिळणारी ही अंडी मोलाची आहेत. इतिहासासाठी त्या घराने कमी अंड्यांत भागवावे, असे भरल्या पोटी सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही.

८/९
तरीही हिशेब तेवढ्यावर संपत नाही. अंड्यांसाठी निवडलेल्या जातींची खुडूक बसण्याची प्रवृत्ती क्षीण होते. देशी कोंबडी स्वतः अंडी उबवते, पिल्ले पंखाखाली वाढवते, घार दिसताच त्यांना आडोशाला नेते. ती गेली की पुढची पिढी दरवेळी विकत घ्यावी लागते. शिवाय परसाला कुंपण नसते. शेजारच्या संकरित कोंबड्यामुळे दोन-चार पिढ्यांत मूळ वंश विरघळतो. घरच्या बाईच्या हाती अंड्यांचे चार पैसे अधिक येतात. पिल्लांसाठी मात्र तिला दुसऱ्यावर विसंबावे लागते.

९/९
म्हणून सुधारित जातींना विरोध करण्याचे कारण नाही. मात्र प्रत्येक देशी जातीचे शुद्ध कळप परस्परांपासून दूर अशा किमान दोन ठिकाणी राखले जावेत, आणि ते राखणाऱ्या कुटुंबांना त्याचा मोबदला मिळावा. एका तालुक्यातील एका साथीवर एखाद्या जातीचे भवितव्य अवलंबून राहता कामा नये.
इतिहासप्रेमी तरुणांनाही येथे काम आहे. आजोळच्या गावी कोंबड्यांना कोणत्या नावांनी हाक मारतात, रंगांना कोणते शब्द आहेत, कोणती कोंबडी सणासाठी आणि कोणती नवसासाठी राखतात, हे आजीला विचारून लिहून ठेवावे. ताम्रपट शतकानुशतके मातीत पडून राहिला तरी वाचता येतो. कोंबडीचा वंश मात्र दरवर्षी कुणीतरी डालग्याखाली कोंबडी खुडूक बसवली, तरच टिकतो.