पाबळच्या उन्हातला गारवा

सह्याद्रीच्या पूर्वेला, मोसमी वारे आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावर रिते करून मगच पोहोचतात त्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात शिरूर तालुक्यातील पाबळ वसलेले असून, एप्रिल-मे महिन्यांत तेथील ऊन जितके कडक तितकीच हवा कोरडी असते, आणि घर गार करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय या कोरडेपणावरच उभा आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. त्यामुळे तासाला पाचेक लिटर पाणी उडवणारा कूलर हवेतून जवळपास एक टनी वातानुकूलन यंत्राइतकी उष्णता काढतो आणि त्यासाठी वीज मात्र पंख्यापुरतीच घेतो. हवा ४० अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओले फडके गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात सुमारे २२ अंश दाखवतो. ही कूलरची शेवटची सीमा होय, आणि बरा कूलर २६-२७ अंशांपर्यंत उतरतो. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेलेल्या पावसाळ्यात तोच कूलर एक-दोन अंशांपलीकडे काही करू शकत नाही, हा दोष यंत्राचा नव्हे.

कूलर ‘चालत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तो बसवण्याच्या पद्धतीत असते. वातानुकूलन यंत्राप्रमाणे दारे-खिडक्या बंद करून तो खोलीत ठेवला, की तीच दमट हवा पुन्हा पुन्हा जाळीतून फिरते आणि अर्ध्या तासात अंग चिकट होते. तो खिडकीबाहेर बसवून समोरची खिडकी उघडी ठेवली, तरच बाहेरची कोरडी हवा आत येऊन गरम हवेला वाट मिळते. दुसरे कारण पाण्याचे. बोअरचे पाणी जड असते. ते उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि हंगामाच्या मध्यावर जाळी उघडली तर गवतावर पांढरी, खरखरीत साय धरलेली दिसते, पंपाच्या पात्याभोवती तोच थर साचून पाणी वरच्या नळीपर्यंत चढत नाही. पंप लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून ठेवला, तर तो थर बोटाने सुटतो. पंखा नुसता घूं घूं करतो आणि हाताने ढकलल्यावर फिरू लागतो, तेव्हा बहुधा मोटरला सुरुवातीचा झटका देणारा कपॅसिटर, ज्याला मिस्त्री कंडेन्सर म्हणतात, तो गेलेला असतो. लोखंडी पेटी, पाणी आणि वीज एकत्र येतात त्या या यंत्रात अर्थिंग, म्हणजे गळती झालेला प्रवाह जमिनीत वाहून नेणारी तार, नसेल तर माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून प्लगची तिसरी पिन तोडून काम चालवणाऱ्या माणसाला कारागीर म्हणता येत नाही.

या सगळ्यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. तासाला पाच लिटर या हिशेबाने आठ तासांत ४० लिटर पाणी उडते, आणि जल जीवन मिशनने ग्रामीण माणसामागे दिवसाला धरलेले प्रमाण ५५ लिटर आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या भागात हा खर्च क्षुल्लक मानता येत नाही. म्हणून घर गार करण्याची सुरुवात छपरापासून व्हायला हवी. जुन्या माळवदाची जाड माती दुपारचे ऊन रात्रीपर्यंत अडवून धरत असे, पत्रा मात्र तापताच ती उष्णता खाली सोडतो. त्यावर चुन्याची सफेदी दिली आणि खाली छत ठोकले, तर कूलरचे काम निम्म्यावर येऊ शकते, काही घरांत तर त्याची गरजच उरत नाही.

हे सांगायला घर, पाणी आणि वीज एकत्र पाहणारा माणूस लागतो, आणि असा माणूस घडवण्याचा विचार पाबळमध्येच झाला. अन्नतंत्रज्ञ असलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता विज्ञान शिकावे आणि गावाला लागणाऱ्या सेवा विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष पुरवाव्यात, या धारणेवर उभ्या राहिलेल्या तेथील शिक्षणक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य ही चारही क्षेत्रे एकाच विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. एकाच यंत्राची कंपनीनिहाय दुरुस्ती शिकवण्यापेक्षा ही पद्धत खेड्यासाठी कितीतरी मोलाची आहे. केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये जाहीर केलेल्या शीतकरण कृती आराखड्यात या क्षेत्रातील एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते; त्या प्रशिक्षणात गॅस भरण्याइतकेच पत्र्याचे छप्पर, खिडकीची दिशा आणि बोअरच्या पाण्याचे क्षार यांना स्थान मिळाले पाहिजे.

असा कारागीर वर्षभर उपयोगी पडतो. उन्हाळ्यात कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करायला तो सांगतो, कारण डेंगीच्या डासाला अंड्यातून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. मृगाचा पाऊस स्थिरावला की जाळ्या वाळवून, पंप पुसून तो कूलर बांधून ठेवतो, आणि दिवाळीपूर्वी, सकाळी अंघोळीचे पाणी तापवण्याची गरज सुरू होण्याआधी, सौर बंबाच्या नळ्यांतला तोच पांढरा थर काढायला छपरावर चढतो.