वारा, श्वास आणि आत्मा

इंदूरच्या मराठी माणसाचा आत्मा घरात पुल्लिंगी असतो आणि तोच माणूस बाजारात वा कचेरीत हिंदी बोलू लागला की स्त्रीलिंगी होतो. परंतु हिंदीत छापलेल्या बायबलात 'पवित्र आत्मा' पुन्हा पुल्लिंगीच चालतो. व्याकरणाची गंमत म्हणून हे सोडून देता आले असते. पण १८८७ साली कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने ख्रिश्चन कॉलेज स्थापन केले तेव्हापासून तरी ज्या ग्रंथाचा या शहराच्या शिक्षणाशी संबंध आहे, त्याविषयी मत बनविताना आपण केवढ्या घाईने एका शब्दावर विसंबतो, हे त्यातून ध्यानात यावे.

बायबलात या शब्दाच्या जागी हिब्रूत 'रूआख' आहे, तो बहुधा स्त्रीलिंगी. ग्रीकमध्ये 'प्नेउमा' आहे, तो नपुंसकलिंगी. आणि लॅटिनमध्ये तो 'स्पिरितुस' होऊन पुल्लिंगी झाला. तिन्हींचा मूळ संबंध वाहण्याशी आणि श्वसनाशी आहे. सृष्टीच्या आरंभी जलावर संचरणारा तो रूआख. निर्गमाच्या कथेत रात्रभर वाहून समुद्र मागे हटविणारा पूर्वेचा वारा, तोही रूआखच. यहेज्केल संदेष्ट्याच्या सदतिसाव्या अध्यायात वाळलेल्या हाडांचे खोरे सजीव होते, तेव्हा चारी दिशांचा वारा, प्रेतांत शिरणारा श्वास आणि परमेश्वराचा आत्मा हे तिन्ही अर्थ त्या एकाच शब्दाने वाहिले आहेत. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू निकदेमाशी स्वैर वाहणाऱ्या वाऱ्याविषयी आणि आत्म्यापासून जन्मलेल्या मनुष्याविषयी एकाच वाक्यात बोलतो, तेथेही ग्रीक शब्द एकच आहे. मराठी भाषांतरकारास मात्र दोन शब्द योजावे लागतात, आणि उपमेचा सांधा निखळतो.

याचा परिणाम असा की, वेदान्ताच्या संस्कारात वाढलेला वाचक 'आत्मा' म्हणताच नित्य, अविकारी आणि आपलेच निजस्वरूप असे तत्त्व कल्पितो, आणि मग कोणी सर्व धर्म एकच सांगतात असा सोयीस्कर निवाडा देतो, तर कोणी आमचा शब्द परक्यांनी बळकावला अशी फिर्याद गुदरतो. दोघांनीही मूळ दस्तऐवज पाहिलेला नसतो. रूआख हा अविकारी नव्हे, तो वाहतो. तो मनुष्यावर बाहेरून येतो, आणि शौल राजास सोडून गेला तसा निघूनही जातो. त्याचे खरे साम्य उपनिषदांच्या ब्रह्मात्मैक्याशी नसून, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ज्या सूक्तात वात हा देवांचा आत्मा म्हटला आहे, त्या प्राचीनतर अर्थाशी आहे.

शिवाय मराठीस तो अर्थ अजूनही परका नाही. होळकरांचे कुलदैवत जो जेजुरीचा खंडोबा, त्याच्या भक्तांत अंगात 'वारे' येते. वारा आणि दैवी संचार यांस एकच शब्द वापरण्याची ही लोकभाषेची रीत हिब्रूच्या किती निकट आहे, हे पंडितांपेक्षा वाघ्या-मुरळीस सहज कळेल. म्हणून 'पवित्र आत्मा' टाकून 'पवित्र वारे' म्हणावे, अशी माझी मुळीच सूचना नाही. पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत रुळलेला शब्द राखावा की बदलावा, हा त्या उपासकांचा अधिकार आहे. आणि 'वारे' म्हणताच जो घुमण्याचा भास होतो, तोही मूळ ग्रंथास सर्वत्र मानवणारा नाही.

माझी तजवीज साधी आहे. उत्पत्तीचा आरंभ, यहेज्केलचा तो अध्याय आणि निकदेमाचा संवाद, निदान या तीन ठिकाणी मराठी आवृत्तीत दोन ओळींची तळटीप असावी, की येथे वारा, श्वास आणि आत्मा हा मुळात एकच शब्द आहे. संस्कृत शास्त्रांत निष्णात असलेल्या पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून, केडगावी उतारवयात संपूर्ण बायबलाचे सुबोध मराठी भाषांतर केले आणि १९२२ साली निधनापूर्वी ते तडीस नेले. त्या श्रमांच्या मानाने तळटिपेचे काम ते किती! आणि ख्रिस्ती समाजाबाहेरच्या ज्या विद्वानांस या शब्दावरून व्याख्याने द्यावयाची असतील, त्यांनी आधी तेवढे तीन उतारे कोशासह वाचावेत. मग खुशाल वाद घालावा.