नखाची बुरशी आणि आपली ट्यूब-संस्कृती

मंडळी, आजचा विषय जरा किळसवाणा आहे, तेव्हा हातातला चहा आधी संपवा. पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं पडतं, जाड होतं, कडेने भुगा व्हायला लागतो. ऑफिसात बुटांच्या आत कितीजण हे लपवून बसलेले असतात! आणि उपाय सगळ्यांचा एकच: केमिस्टला विचारून आणलेली ट्यूब.

माझ्या मते हा लॉग न बघता मारलेला पॅच आहे.

एक तर खराब दिसणारं प्रत्येक नख बुरशीचं नसतं. साधारण निम्मीच तशी निघतात. बाकीच्यांत कुठे सोरायसिस, कुठे घट्ट बुटाचा मार. नखाचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघायची केओएच टेस्ट जुनी आहे, सोपी आहे. आपण ती मागतच नाही!

दुसरं म्हणजे बुरशी असते नखाखाली. वरून चोळलेलं साधं क्रीम तिथवर पोचत नाही. थोडक्यात असेल तर नखावर लावायचं लॅकर चालतं, नाहीतर डॉक्टर बहुधा टर्बिनाफिनच्या गोळ्या देतात, 12 आठवडे, लिव्हरची तपासणी करून. अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, त्यामुळे नवं यायला 12 ते 18 महिने लागतात. आठवड्यात गुण कुठून येणार?

तिसरं सगळ्यात वाईट. 'सगळ्यावर चालतं' म्हणून मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी मात्र मजेत पसरते. 2018 मध्ये सरकारने स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मिळतातच. या बेफाम वापराने हट्टी गजकर्णाला हातभार लावला, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आलेत. टर्बिनाफिनला अनेकदा दाद न देणाऱ्या एका बुरशीचं 2020 मध्ये बारसं झालं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच आपला देश, घ्या!

माझ्या बाबांना डायबेटिस आहे. अशा पायाला बुरशीमुळे चीर पडली की जंतू शिरतात आणि साधी जखम चिघळते. बाथरूम एकच, नेलकटरही एकच. म्हणजे माझा आळस त्यांच्या पायावर.

तेव्हा बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, मोजे रोज बदला, बुटांचे दोन जोड आलटून पालटून घाला, जिमच्या शॉवरमध्ये स्लिपर घाला, नेलकटर वेगळं ठेवा. पावसात चिखल्या झाल्या तर लगेच औषध घ्या, कारण तीच बुरशी पुढे नखात शिरते.

न तपासलेला कोड प्रॉडक्शनला गेला तर आपण आकाशपाताळ एक करतो. मग स्वतःच्या पायाला एक टेस्ट जड का व्हावी?