झुरळांची वडी आणि बाजूचे दार

आयोवा हे अमेरिकेतले मक्याचे आणि डुकरांचे राज्य. २०१३ साली ‘स्नोपिअर्सर’ हा चित्रपट तयार झाला, तेव्हा अमेरिकेतले वितरक हार्वी वाइनस्टीन यांच्याकडून दिग्दर्शकाला निरोप गेला, की वीसेक मिनिटे कापा. कारण काय? तर आयोवा-ओक्लाहोमाकडच्या प्रेक्षकाला चित्रपट समजला पाहिजे! टोनी रेन्स या समीक्षकाने ही गोष्ट जाहीर केली आणि मोठा गदारोळ झाला. शेतीच्या मुलखातला माणूस म्हणजे डोक्याने बेताचा, हा समज केवळ आपल्याकडच्या बाबू लोकांचा आहे असे मी मानत होतो. तो सातासमुद्रापलीकडेही आहे.

दिग्दर्शक कोरियाचे बाँग जून-हो. त्यांनी कापाकापीला दाद दिली नाही. मारामारीआधी शिपाई कुऱ्हाडीने एक मासा चिरतात, असे एक दृश्य चित्रपटात आहे. तेही काढा म्हटल्यावर बाँग यांनी ठोकून दिले, की माझे वडील कोळी होते, ही त्यांची आठवण आहे. वितरक विरघळला आणि दृश्य राहिले. वडील कोळी वगैरे काही नव्हते, हे पुढे बाँग यांनीच मुलाखतीत हसत सांगितले. कष्टकऱ्याबद्दल गहिवर दाटून येतो, हिशेब मात्र कोणी विचारत नाही, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. अखेर २०१४ साली अमेरिकेत चित्रपट न कापता लागला, पण मोजक्याच थिएटरांत. कोरियात त्याआधीच नव्वद लाखांवर तिकिटे खपली होती.

आता शेतकरी आंदोलनाच्या पत्रकात सिनेमा कशाला, असे कोणी म्हणेल. आमच्या जिल्ह्याच्या अभ्यासवर्गात दोन महिन्यांपूर्वी रात्री हा चित्रपट मराठीत समजावून सांगत दाखवला. त्यावर जी चर्चा झाली ती पहाटेपर्यंत चालली, आणि ती आपल्या कामाची आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. पृथ्वी तापते म्हणून शहाण्यांनी आकाशात एक रसायन फवारले. ते इतके लागू पडले की सगळे जग गोठून गेले. उरलेली माणसे एका आगगाडीत. ही गाडी वर्षाला पृथ्वीची एक फेरी मारते, थांबत नाही. पुढच्या डब्यांत तिकीटवाले, शेवटच्या डब्यांत फुकटे. इंजिनात गाडीचा मालक विल्फर्ड. शेपटाकडच्या लोकांना रोज एक काळी वडी मिळते, तीवर ते जगतात. सतरा वर्षांनी कर्टिस नावाचा तरुण उठाव करतो आणि डबे पार करत इंजिनापर्यंत पोचतो. मूळ गोष्ट १९८२ च्या फ्रेंच चित्रकथेतली, लेखक झाक लोब, चित्रे झाँ-मार्क रोशेत यांची. तिच्यात असा सामुदायिक उठाव नाही, एकटा माणूस पुढे सरकत जातो. चित्रकथेच्या चाहत्यांची त्याबद्दल कुरकुर आहे. ती त्यांच्यापाशी राहो.

शहरी प्रेक्षक बहुधा बोलतात ते वडीबद्दल. ती वडी झुरळे चिरडून केलेली असते, हे मधेच उघड होते आणि लोक तोंड फिरवतात. मला त्यात शिसारी वाटण्यासारखे फारसे दिसले नाही. बस्तरच्या बाजारात लाल मुंग्यांची चटणी मिळते, किड्यात प्रथिने भरपूर असतात. आमच्या वर्गातल्या एका सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना वडी बघून किळस आलीच नाही. ते म्हणाले, “ही तर आमची सुकडी.” त्यांना १९७२ चा दुष्काळ आठवला, खडी फोडण्याची कामे आठवली, रेशनवरचा अमेरिकेचा लाल मिलो आठवला. पुढे कर्टिस सांगतो, की वडी येण्याआधी शेपटाकडची माणसे भुकेने एकमेकांना खात होती. म्हणजे वडी आली तेव्हा ती उपकार म्हणूनच आली. जीव वाचला आणि त्याच दिवसापासून लोक बांधले गेले. उठावाच्या गुप्त चिठ्ठ्याही याच वडीतून येत असतात, आणि त्या खुद्द विल्फर्ड पाठवत असतो!

दुसरी एक तक्रार तर्काची. इतकी वर्षे रूळ कसे टिकले, इंजिनाला ऊर्जा कुठून, वगैरे. आमच्या लोकांनी रुळांची चौकशी केली नाही. भाजीपाल्याचा काचेचा डबा दिसतो, माशांचा दिसतो, सोललेल्या जनावरांचा आणि कोंबड्यांचाही दिसतो. एका बाईंनी विचारले, कोंबड्यांचे खाद्य कुठे पिकते? किलोभर कोंबडीला दीड-दोन किलो खाद्य लागते, हे पोल्ट्री करणाऱ्या घराला सांगावे लागत नाही. एवढ्या लांब गाडीत धान्याचे एक वावर दिसत नाही आणि पिकवणाऱ्याला तोंडच नाही. दिग्दर्शकाची चूक म्हणा, की जगाची सवय म्हणा.

माशांच्या डब्यात मात्र चित्रपट नेमका आपल्या वर्मावर बोट ठेवतो. मेसन नावाची मालकाची कारभारीण सांगते, की इथले मासे वर्षातून दोनदाच, जानेवारीत आणि जुलैत खायला मिळतात. मासे कमी आहेत का, असे विचारल्यावर ती म्हणते, पुरेसे असण्याचा प्रश्नच नाही, प्रश्न समतोलाचा आहे. हे वाक्य आले आणि वर्गात मागून कोणीतरी ओरडले, “कांदा!” सगळे हसले. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ ला ती उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान दराची अट घालून, शुल्क तसेच ठेवून. प्रत्येक वेळी कारण समतोलाचेच, आणि तराजू धरणारा इंजिनात. कांदा किती पिकला आणि चाळीत किती सडला, हा त्याच्या लेखी निकषच नाही.

खरा वाद पेटला तो गिलियमवरून. शेपटाकडचा हा वृद्ध पुढारी. इतरांचा जीव वाचावा म्हणून त्याने स्वतःचा हात कापून दिलेला. शेवटी विल्फर्ड कर्टिसला सांगतो, की गिलियम माझा जुना मित्र, आम्ही रात्री फोनवर बोलायचो, गाडीतली गर्दी कमी करण्यासाठी हा उठाव आम्हीच ठरवला होता. जगभरचे प्रेक्षक यावर भांडतात. कोणी म्हणतात पुढारी विकलेला होता, कोणी म्हणतात विल्फर्ड खोटे बोलतो. गिलियमने आधीच बजावून ठेवलेले असते, की विल्फर्डला बोलू देऊ नकोस. तो निष्ठावंत होता म्हणून हे म्हणाला, की बिंग फुटेल म्हणून?

आमची तरुण मंडळी या ठिकाणी एकमेकांवर धावून जायची बाकी होती. कारण उघड आहे. निवडणूक आली की आपल्याकडेही कोण कोणाला रात्री फोन करतो याच्या कुजबुजी सुरू होतात. काही खऱ्या निघतात, काही मुद्दाम सोडलेल्या असतात, आणि दोन्हींनी संघटना सारखीच फुटते. गिलियमचा निकाल लावायचा प्रयत्न मी केला नाही. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे. विल्फर्ड कर्टिसला मारत नाही, जागा देऊ करतो. इंजिन तूच चालव म्हणतो, आणि कर्टिस जवळजवळ तयार होतो. फरशीखाली, बिघडलेल्या भागाच्या जागी शेपटाकडचे एक पोर राबताना दिसते तेव्हा तो भानावर येतो. ते पोर दिसले नसते तर? पुढारी स्वच्छ असो वा नसो, जी लढाई फक्त इंजिनातल्या खुर्चीसाठी असते तिच्यात हे पोर फरशीखालीच राहते.

या गाडीत वेगळा विचार करणारा एकच आहे, कुलपांचा जाणकार नामगुंग. तो नशेबाज आहे, म्हणून बरेच प्रेक्षक त्याला विनोदी पात्र समजून सोडून देतात. पण सतरा वर्षांत शेताकडे पाहावे तसे बाहेर पाहणारा तो एकटाच. एका पुलाजवळ बर्फात गाडले गेलेले विमान आहे. पूर्वी ते बर्फात बरेच झाकलेले होते, आता अधिक दिसू लागले आहे. म्हणजे बर्फ वितळतो आहे. ही नोंद त्याने कोणत्याही खात्याच्या परिपत्रकावरून घेतलेली नाही. शाळेच्या डब्यात मुलांना शिकवतात, की बाहेर पडाल तर गोठून मराल; पूर्वी बाहेर पडलेल्या सात जणांचे गोठलेले देह खिडकीतून दाखवतात. बाजार खुला झाला तर शेतकरी मरेल, हे आपल्याला किती वर्षे पढवले गेले! नामगुंगला इंजिन नकोच आहे. त्याला बाजूचे दार उडवायचे आहे, ज्याला इतकी वर्षे सगळे भिंत समजत आले.

दार उडते, गाडीही उलटते. दोन मुले बर्फात उतरतात आणि समोर पांढरे अस्वल दिसते. बाहेर जीव जगतो आहे, असे काही प्रेक्षक म्हणतात. ते अस्वल मुलांना खाणार, असे बाकीचे म्हणतात. दोन्ही खरे असू शकते. खुल्या बाजारात अस्वल नसते असे मी कधी म्हटलेले नाही. अमेरिकेच्या सबसिडीवर पोसलेला कापूस आपल्या कापसासमोर येतो तेव्हा ते अस्वलच असते. आणि एका चुकीच्या दिवशी दार उडवले तर किती माणसे दगावतात, हेही चित्रपट लपवत नाही. तरीही वडीचा आकार वाढवून मागायचा की दार मागायचे, या प्रश्नाला बगल देता येणार नाही.

जिल्हा बैठकीला येताना आपापल्या तालुक्याचे मागणीपत्र घेऊन या. त्यातल्या कोणत्या मागण्या वडीच्या आहेत आणि कोणत्या दाराच्या, यावर खुणा करा. बैठकीच्या आदल्या रात्री चित्रपट पुन्हा दाखवणार आहोत, दोन तासांचा आहे. कुऱ्हाडींची मारामारी फार आहे, लहान मुलांना आणू नये.