विश्लेषण: मलेरियाच्या संशोधनात गावाने फक्त रक्ताचा थेंबच द्यायचा का?

घरात कुणाला ताप आला की आशाताई येतात, बोटाला सुई टोचतात, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतात आणि पुढच्या घराकडे वळतात. त्या पट्टीचा आकडा प्राथमिक आरोग्य केंद्रातून तालुक्याला, तिथून जिल्हा हिवताप कार्यालयाला आणि पुढे पुण्या-दिल्लीला जातो. देशात वर्षाला कोट्यवधी रक्तनमुने असे तपासले जातात. रक्त गावाचे असते, पण त्यातून काढलेला निष्कर्ष गावात परत येतो का? मुळात संशोधनाचा प्रश्न ठरवताना गावाला कुणी विचारते का? मलेरिया निर्मूलनाच्या शेवटच्या टप्प्यात सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा हाच आहे, असे माझे मत आहे. त्याचे अर्धे उत्तर आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडमध्ये, ५० वर्षांपूर्वी सापडले होते.

हा विषय आताच का?

भारताने २०२७ पर्यंत स्थानिक संसर्गाचे रुग्ण शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत मलेरिया निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. सलग तीन वर्षे स्थानिक संसर्गाचा एकही रुग्ण आढळला नाही, तरच जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मिळते. महाराष्ट्रात सर्वाधिक रुग्ण गडचिरोली आणि मुंबईत आढळतात. त्या यादीत अहिल्यानगरचे नाव वर नसते. मग आपण कशाला काळजी करायची, असे वाटू शकते.

पण हेच देशाला एकदा वाटून झाले आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मृत्यू होत. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घरोघरी डीडीटी फवारले गेले आणि १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखावर आली. त्यानंतर अवघ्या ११ वर्षांत, १९७६ मध्ये, ती ६४ लाखांवर गेली. डासांमध्ये डीडीटीला प्रतिकार निर्माण झाला, कीटकनाशकाचा पुरवठा विस्कळीत झाला, ही कारणे सांगितली जातात आणि ती खरी आहेत. मात्र आणखी एक कारण गावातल्या कुणालाही सांगता आले असते. फवारणीचे पथक गेले की घरातल्या बाया भिंती सारवून घ्यायच्या. देवघर आणि धान्याच्या खोलीत फवारू द्यायचे नाही, ही तर सर्रास पद्धत होती. शेणामातीच्या थराखाली गेलेल्या औषधाचा भिंतीवर बसणाऱ्या डासावर काय परिणाम होणार? कागदावर मात्र ते घर ‘फवारणी पूर्ण’ म्हणून नोंदवलेले असायचे.

इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षात शिकवतात की ज्या यंत्रणेला फीडबॅक नाही, ती चुकते आहे हे तिला कधीच कळत नाही. इथे फीडबॅक उपलब्ध होता. तो घेतला गेला नाही, एवढेच.

जामखेडमध्ये काय वेगळे झाले?

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० मध्ये जामखेडला समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघेही वेल्लोरचे डॉक्टर. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते दुष्काळी भागात आले. लोकांनी त्यांच्याकडे आधी दवाखाना मागितला नाही. अन्न आणि पाणी मागितले. १९७२ चा दुष्काळ समोर होता, त्यामुळे आरोग्याचे काम पाण्यापासून सुरू झाले. कूपनलिका खोदल्या गेल्या आणि अनेक ठिकाणी हापशी मुद्दाम दलित वस्तीत बसवली गेली. पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागले. तरुण आणि शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली, त्यासाठी व्हॉलीबॉलच्या खेळाचाही उपयोग केला गेला. नंतर महिला मंडळे आली.

खरा बदल मात्र ग्राम आरोग्य सेविकांनी घडवला. गावाने निवडलेल्या या बायकांपैकी बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि अनेक जणी दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात परत जाऊन शिकवायच्या. गावातील जन्म, मृत्यू, आजारपण यांची माहिती त्याच गोळा करू लागल्या. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७० च्या सुमारास या भागात हजार जन्मांमागे १७६ बालके पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. पुढच्या दोन दशकांत हा आकडा ३० च्या खाली आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात जामखेडचा अनुभव समाविष्ट झाला. तीन वर्षांनी आल्मा-आटा इथे प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा आला. आरोळे दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मलेरियाच्या दृष्टीने सांगायचे तर या गावांनी सांडपाण्यासाठी शोषखड्डे खोदले, साचलेली डबकी बुजवली आणि डास कमी केले. पण यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की माहिती गोळा करणारी आणि त्या माहितीवर निर्णय घेणारी माणसे एकच होती. देशात २००५ मध्ये आशा योजना आली, तेव्हा गावातलीच बाई ही कल्पना उचलली गेली. माहितीवर गावाचा हक्क ही दुसरी अर्धी कल्पना मात्र मागेच राहिली.

शोषखड्ड्याने मलेरिया जातो का?

इथे थोडे थांबायला हवे, कारण नुसत्या कौतुकाने संशोधन होत नाही. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने शोषखड्ड्यांतून डासमुक्ती साधली आणि तो ‘नांदेड पॅटर्न’ राज्यभर गाजला. पण गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो प्रामुख्याने क्युलेक्स डास. तो हत्तीरोग पसरवतो. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस तुलनेने स्वच्छ पाणी शोधतो. विहिरी, कालव्याची गळती, ओढ्यातले डोह, भातखाचरे, शहरातल्या उघड्या टाक्या ही त्याची ठिकाणे. डेंगीचा एडिस तर घरातल्या हौदात आणि कूलरमध्ये वाढतो.

म्हणजे गटार बंद झाले, रात्रीची गुणगुण थांबली, म्हणून मलेरियाचा धोका संपला असे नाही. गावाचे निरीक्षण (डास कमी झाले) बरोबर असते. त्यावरून काढलेला निष्कर्ष (मलेरिया गेला) चुकू शकतो. शास्त्रज्ञांची गरज इथे आहे. गंमत म्हणजे हा फरक ओळखायला प्रयोगशाळा लागतेच असे नाही. ॲनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. क्युलेक्सची अळी डोके खाली करून तिरकी लटकते. पांढरी वाटी, थोडे पाणी आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले तर आठवीतली मुलगीही हे ओळखेल. कोणत्या विहिरीत कोणती अळी आहे, याचा दर आठवड्याचा नकाशा गाव स्वतः बनवू शकते. जिल्ह्यातल्या मोजक्या कीटक समाहारकांना सगळ्या गावांत इतक्या वारंवार जाणे कसे शक्य आहे?

उलट, शास्त्रज्ञाला न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी गावाला दिसतात. शेतीपंपाची वीज रात्री येते तेव्हा शेतकरी ज्वारीला किंवा उसाला पाणी द्यायला रात्रभर शेतात असतो. ग्रामीण भागातला प्रमुख वाहक ॲनोफिलीस क्युलिसिफेसिस रात्रीच चावतो. घरात कितीही फवारा, औषधी मच्छरदाणी कितीही वाटा, हा माणूस त्या वेळी घरात नसतोच. हाच डास माणसांपेक्षा गुरांकडे जास्त जातो आणि गोठ्यात विसावतो. मग गोठा घराला लागून असणे चांगले की वाईट? हा प्रश्न दिल्लीतून सुचणार नाही. सारवणाऱ्या, धारा काढणाऱ्या बाईला तो सुचू शकतो.

ऊसतोड कामगारांचे काय?

जिल्ह्यासाठी हा सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा. पाथर्डी, जामखेड, शेवगाव परिसरातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कालव्याकाठच्या फडात कोप्या घालून सहा महिने राहतात आणि उन्हाळ्यात परततात. व्हायव्हॅक्स प्रकारच्या मलेरियाचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. तो समूळ काढायचा तर प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. गरोदर महिला आणि तान्ह्या बाळांना त्या देता येत नाहीत. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, पाचव्या दिवशी टोळी दुसऱ्या फडावर जाते. उरलेल्या गोळ्या कोण देणार? नोंद कुठल्या जिल्ह्यात होणार?

मलेरिया जिथे कमी आहे, तिथे उरलेला रुग्ण नेमका असा असतो, फिरता आणि एका जागी न सापडणारा. टोळी कधी निघते, कुठे मुक्काम करते, आजारी पडल्यावर आधी कुणाकडे जाते, हे मुकादमाला आणि टोळीतल्या बायांना माहीत असते. त्यांना संशोधनात घेतल्याशिवाय ‘शून्य रुग्ण’ हा आकडा आला, तरी त्यावर विश्वास कसा ठेवायचा?

लोकांना विचारले नाही तर काय होते?

१९७० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचे एक केंद्र चालवले. वंध्य नर डास सोडून पैदास रोखण्याची कल्पना होती. अमेरिकी निधी, जैविक युद्धाच्या शंका, वृत्तपत्रांतील बातम्या आणि संसदेच्या लोकलेखा समितीचे ताशेरे यांत हा प्रकल्प सापडला. हरियाणातील सोनीपतला मोठा प्रयोग होणार होता, त्याआधीच १९७५ मध्ये सगळे गुंडाळावे लागले. विज्ञान चूक होते म्हणून नव्हे, विश्वास नव्हता म्हणून. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोमध्ये वर्षानुवर्षे गावकऱ्यांशी बोलून, त्यांची संमती घेऊन २०१९ मध्ये बाना गावात जनुकीय बदल केलेले डास सोडण्यात आले. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने तो प्रकल्प थांबवला. गावाची संमती आवश्यक असते, पण पुरेशी नसते, हेही त्यातून दिसले.

चांगली उदाहरणे जवळच आहेत. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात १९८३ पासून मलेरिया संशोधन केंद्राने गप्पी मासे, खड्डे बुजवणे आणि सामाजिक वनीकरण यांची सांगड घालून गावकऱ्यांसोबत प्रयोग केला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आदिवासींना विचारून त्यांच्या गावासारखा दिसणारा दवाखाना बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले.

आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत

‘लोकसहभाग’ म्हणजे फुकटची मजुरी, असा अनुभव अनेकदा येतो. आधीच कामाने वाकलेल्या आशाताईंवर आणखी एक तक्ता लादायचा आणि शोधनिबंधावर नावे दुसऱ्यांची. हे चालणार नाही. संशोधनाच्या कामाचे वेगळे मानधन आणि श्रेय दोन्ही मिळायला हवे. दुसरा आक्षेप ग्रामसभेचा. तिथे कुणाचा आवाज मोठा असतो, हे आपल्याला माहीत आहे. जामखेडने हापशी कुठे बसवायची, याचा जो विचार केला, तो आजही करावा लागेल. भूमिहीन, पारधी आणि धनगर वस्त्या आणि ऊसतोडीच्या टोळ्या यांना वेगळे गाठावे लागेल.

रचना नव्याने उभारायची गरज नाही. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समिती असते आणि तिला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद आहे. परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक सूचनांमध्येही समुदायाला सोबत घेण्याविषयी लिहिलेले आहे. जिल्ह्यात मलेरियावर कोणताही अभ्यास करायचा असेल तर त्याचा प्रश्न या समितीपुढे मांडावा आणि निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, एवढी अट जिल्हा परिषद आजही घालू शकते. जूनमध्ये हिवताप प्रतिरोध महिना पाळला जातो. प्रभातफेरी आणि घोषवाक्यांऐवजी त्या महिन्यात प्रत्येक समितीने आपल्या गावाचा एक प्रश्न लिहून हिवताप अधिकाऱ्यांना द्यावा. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात. त्यांना काही विचारायचे असेल तर त्याआधी विचारावे लागेल.