नावाला भिऊ नये, अळी ओळखावी

सप्टेंबर २०२२ मध्ये बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात एका काटेरी हिरव्या अळीचे काटे टोचून काही शेतकऱ्यांना रुग्णालयात जावे लागले. लोकांनी तिला 'घोणस अळी' म्हटले आणि अर्धी भीती त्या नावानेच पसरली. घोणस हा जहाल विषारी साप. ही तर लिमाकोडिडी कुळातील पतंगाची अळी होय.

हिचे पाय दिसत नाहीत. ती गोगलगायीप्रमाणे सरकते. अंगावरील पोकळ काटे टोचले की आग होते, सूज येते. अशा वेळी चिकटपट्टीने काटे काढावेत, जागा साबणाने धुवावी व बर्फ लावावा. धाप किंवा उलट्या सुरू झाल्यास डॉक्टरांकडे तत्काळ जावे.

याउलट २०१८ मध्ये राज्यात शिरलेली अमेरिकन लष्करी अळी हातास इजा करीत नाही. पण मक्याचा पोंगा पोखरते. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षराची खूण व शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतात.

तेव्हा दिसण्यात भयंकर ती पिकासही भयंकर, हा समज चुकीचा आहे. अळी दिसताच फवारणीचा पंप उचलणे म्हणजे पैसा व मित्रकीटक दोन्ही गमावणे होय. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अनोळखी अळी चिमट्याने बाटलीत धरावी, ती कोणत्या झाडावर सापडली ते लिहावे आणि खामगाव किंवा अंबाजोगाई येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी. आधी ओळख, मग उपाय, हाच क्रम हिताचा आहे.