परका कोण आणि विकणारा कोण?

गोवा परकीयांच्या घशात चालला, हा आक्रोश अलीकडे इतक्या उच्च स्वराने होऊ लागला आहे की त्या गोंगाटात एक साधा प्रश्न विचारावयाचे कोणास सुचत नाही. ती घरे विकली कोणी? खरेदीखतावर घेणाऱ्याची सही बहुधा एक असते, देणाऱ्यांच्या सह्या अनेक असतात. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आमच्या कुटुंबविषयक कायद्याप्रमाणे पत्नीच्या संमतीवाचून पतीस घर विकता येत नाही, आणि वास्तू वडिलोपार्जित असली तर सर्व वारसांना सपत्नीक पुढे यावे लागते. एक घर गावाबाहेर जाण्यासाठी घरच्याच दहा-वीस माणसांनी लेखणी उचलावी लागते. ती उचलून झाल्यावर मग आक्रोश सुरू होतो.

कायदा तरी काय म्हणतो? परकीय चलन व्यवस्थापनाच्या १९९९ च्या अधिनियमाखाली व २०१९ च्या नियमांप्रमाणे, ज्याचा भारतीय वंशाशी संबंध नाही आणि जो परदेशी राहतो, अशा परदेशी नागरिकास येथे घर विकत घेताच येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने तो ते घेऊ शकतो, एवढेच. जो येथे उद्योग वा नोकरी यांसाठी राहतो आणि मागील आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक राहिला आहे, त्याची गोष्ट वेगळी. पण पर्यटकाच्या परवान्यावर किनाऱ्यावर सहा महिने पहुडल्याने कोणी निवासी होत नाही. दिवस मोजणे सोपे म्हणून दलाल दिवसच मोजून दाखवितो, आणि येथे येण्याच्या हेतूचा प्रश्न गुंडाळून ठेवतो. हा नियम मोडणाऱ्यास व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. सर्वस्वी परक्या माणसासाठी दार अशा प्रकारे बहुतांशी बंदच आहे. जे उघडे आहे त्यातून कोण आत येतो, ते नीट पाहिले पाहिजे.

त्यातून आपणच येतो. अमेरिकेचे वा कॅनडाचे नागरिकत्व घेतलेला आपला चुलतभाऊ, अथवा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्या आजोबांच्या नोंदीवर लिस्बनहून पारपत्र मिळविलेला शेजाऱ्याचा नातू, हा कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिकच. भारताच्या परदेशस्थ नागरिकाचे ओळखपत्र असले की त्याला शेतजमीन, बागायत व फार्महाऊस सोडून वाटेल तितकी घरे घेता येतात. ‘परकीय गुंतवणूकदार’ या भारदस्त शब्दाखाली पुष्कळदा आपल्याच वाड्यावरील आडनाव दडलेले असते. त्याने घर घ्यावे, यात आम्हांस काहीच वावगे वाटत नाही. वावगे वाटते ते तो घर कशासाठी घेतो यात: वर्षातून दहा दिवस राहण्यासाठी आणि उरलेले दिवस कुलूप लावण्यासाठी.

येथे कराचा विषय येतो, आणि याच विषयात आमचे लोक सर्वाधिक फसतात. “गोव्यात घरपट्टी ती काय!” असे दलाल सांगतो, आणि ते खोटे नाही. पण घरपट्टी म्हणजे सर्व कर नव्हेत. घर भाड्याने दिले तर मालक परदेशस्थ असल्यामुळे भाडेकरूनेच भाड्यातून सुमारे एकतीस टक्के कर कापून सरकारात भरावयाचा असतो. विक्रेता निवासी असेल आणि किंमत पन्नास लाख वा अधिक असेल, तर घेणाऱ्याने कापावयाचा कर एक टक्का असतो. विक्रेता परदेशस्थ असला की हिशेबच बदलतो. दोन वर्षांहून अधिक काळ बाळगलेल्या घरावरील नफ्यास जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के दर आहे, शिवाय अधिभार व उपकर. कमी कपातीचे प्रमाणपत्र आधी काढले नाही, तर ही कपात नफ्याऐवजी संपूर्ण किमतीवर होण्याची पाळी येते. वडिलोपार्जित घराची मूळ किंमत १ एप्रिल २००१ च्या बाजारभावाने धरता येते आणि नफा त्यामुळे पुष्कळ उतरतो, हे तर कित्येकांच्या गावीही नसते. गोव्याच्या दांपत्यासाठी आणखी एक विशेष आहे: जेथे संपत्ती पतिपत्नींची समाईक असते, तेथे घराचे उत्पन्न आयकरासाठी दोघांत अर्धे-अर्धे वाटले जाते. हे न समजता सारे एकट्या पतीच्या नावे दाखविणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

आणि ‘थोडे रोखीने’? वीस हजार वा त्याहून अधिक रोख रक्कम घराच्या व्यवहारात स्वीकारणाऱ्यास तेवढाच दंड होतो. सत्यनारायणाची पूजा घालून लगेच खोट्या किमतीच्या कागदावर सही करणाऱ्यास प्रसाद कोणता मिळावयाचा?

घरपट्टी अल्प आहे, हीच खरी विकृती आहे. विहीर आटते, कचरा साचतो, रस्ता खचतो, आणि हे सारे सांभाळते पंचायत, तिच्या तुटपुंज्या उत्पन्नातून. नांदत्या घराने आणि वर्षभर कुलूपबंद बंगल्याने जवळजवळ सारख्याच मापाने कर द्यावा, हा न्याय नव्हे. कुलूपबंद घरावर दुप्पट घरपट्टी बसली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मालकाचे पारपत्र कोणत्या देशाचे आहे, हे विचारण्याचीही मग गरज उरणार नाही. मुंबईचा मालकही त्यात येईल आणि आमचा चुलतभाऊही.

“घर पडत चालले, दुरुस्ती कोण करणार?” हे विकणाऱ्याचे ठरलेले उत्तर. दुरुस्ती भाड्यातून होते. भाड्याच्या उत्पन्नातून तीस टक्के सरसकट वजावट कायदाच देतो, खर्च केला असो वा नसो. शाळेतील शिक्षक, बँकेतील नोकर, देवळाचा पुजारी यांना गावात बिऱ्हाड मिळत नाही आणि शेजारी पाच खोल्यांचे घर वटवाघळांना दिलेले असते.

१९३३ च्या देवस्थान नियमावलीप्रमाणे महाजनपण कुळावरून मिळते, घरावरून नव्हे. म्हणून घर विकलेला महाजनही जत्रेस येतो, पालखीला खांदा देतो, मानाचा नारळ घेतो, आणि सभामंडपात बसून गाव परक्यांनी भरला म्हणून हळहळतो. त्याचा मान कोणी काढून घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. तसा अधिकारही कोणास नाही. परंतु येत्या महाजनसभेत एवढा ठराव व्हावा: जो कोणी गावातील घर विकू वा भाड्याने देऊ इच्छितो, त्याने बाहेर दलालाकडे जाण्यापूर्वी तीन महिने आधी सभेला लेखी कळवावे, आणि सभेने ते पत्र देवळाच्या फलकावर लावावे. ठराव बंधनकारक असणार नाही, हे खरे. पण फलकावरचे नाव गावकरी वाचतात.